चक्री जिना आणि वक्र आकार कॅडमध्ये काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं, इंटिरियरची कामं करणारे, फॅब्रिकेटर आणि स्वतःच्या घराच्या गच्चीवर जिना काढू पाहणारे घरमालक माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडणारे नंतर. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: मजल्याची उंची ३००० मिमी आणि मधोमध पाइप असलेला लोखंडी जिना. त्याचं गणित प्रश्न ३ मध्ये आहे. ते एकदा वाचलंत की बाकीची उत्तरं कुठूनही वाचता येतील.

१. गोल जिना, स्पायरल जिना आणि हेलिक्स हे सगळं एकच का?

बोलताना एकच, काढताना नाही. स्पायरल म्हणजे सपाट कागदावर मध्यापासून दूर जाणारी रेषा, जळत्या कासवछाप उदबत्तीसारखी. हेलिक्स म्हणजे मध्यापासूनचं अंतर तेच ठेवून वर चढणारी रेषा, बोल्टच्या आट्यांसारखी. मराठीत तिला मळसूत्र असा नेमका शब्द आहे. आपला जिना मळसूत्री असतो. कॅडमध्ये (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हा फरक थेट नडतो, कारण ऑटोकॅडची हेलिक्स कमांड पायथ्याची आणि माथ्याची अशा दोन त्रिज्या वेगवेगळ्या विचारते. दोन्ही सारख्या दिल्या तर जिन्याची रेषा मिळते. वेगळ्या दिल्या तर वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग मिळते. उंची शून्य दिली तर उदबत्ती.

२. यासाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू? विकत घ्यावंच लागेल का?

नाही. फ्रीकॅड मोफत आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आधीच्या आवृत्त्यांत मागचं एखादं माप बदललं की पुढचे फिलेट (गोल केलेल्या कडा) आणि स्केच भलत्याच कडेला जाऊन चिकटायचे. तो त्रास आता बराच कमी झाला आहे. नुसतं चित्र दाखवायचं असेल तर स्केचअप पटकन हातात बसतं. कारखान्याला द्यायचं ड्रॉइंग असेल तर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा फ्रीकॅड घ्या. मोकळे, वाहते पृष्ठभाग काढायचे असतील तर ऱ्हायनो. खाली दिलेल्या युक्त्या बहुतेक सगळीकडे चालतात, फक्त बटणांची नावं बदलतात.

३. सॉफ्टवेअर उघडलं, पण सुरुवात कुठून करू? आधी काय मोजायचं?

सॉफ्टवेअर बंद करा आणि वही घ्या. हे मी मनापासून सांगतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या फायलींपैकी बहुतेकांत कमांड चुकलेली नसते, वहीतलं गणितच झालेलं नसतं. चक्री जिना म्हणजे एक पायरी, ठरावीक अंशांत फिरवलेली आणि ठरावीक मिलिमीटर उचललेली. हे दोन आकडे चुकले तर पंधराच्या पंधरा पायऱ्या अगदी सुबकपणे चुकतात.

उंची मोजायची ती तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत, स्लॅबपासून स्लॅबपर्यंत नाही. समजा ती ३००० मिमी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी इमारतीसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आहे. ३००० ला १९० ने भागलं तर १५.८ येतात, म्हणून १६ टप्पे घ्या. प्रत्येक टप्पा १८७.५ मिमी. टप्पे १६ असले तरी सुट्या पायऱ्या १५च, कारण सोळावं पाऊल वरच्या लँडिंगवर पडतं. या एकाच्या फरकाने जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

आता कोन. १५ पायऱ्यांत एक पूर्ण फेरा हवा असेल तर ३६० भागिले १५, म्हणजे दर पायरीला २४ अंश.

मग व्यास. पाय पडतो तिथे पायरी पुरेशी रुंद हवी. मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावर माणूस चालतो असं मी धरतो. तिथली रुंदी म्हणजे त्रिज्या गुणिले रेडियनमधला कोन. २४ अंश म्हणजे ०.४१८९ रेडियन. जिना १५०० मिमी व्यासाचा असेल तर चालण्याची रेषा ५०० मिमीवर येते आणि पायरी तिथे फक्त २०९ मिमी भरते. व्यास १८०० केला तर रेषा ६०० वर जाते आणि पायरी २५१ मिमी होते. निवासी जिन्याच्या पायरीसाठी संहिता किमान २५० मिमी सांगते, म्हणून मी १८०० धरतो. आग लागल्यास बाहेर पडण्याच्या चक्री जिन्याला संहितेने किमान १५० सेंमी व्यास सांगितला आहे. पण १५० सेंमीच्या जिन्यावरून हातात बादली घेऊन उतरून पाहा, मग मी १८०० का म्हणतो ते कळेल. तुमच्या महापालिकेचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहून घ्या.

तर आपले आकडे असे: उंची ३०००, टप्पे १६, टप्पा १८७.५, पायऱ्या १५, कोन २४ अंश, त्रिज्या ९००.

४. पहिली पायरी कशी काढू? त्रिकोणी तुकडा पुरतो का?

टोकदार त्रिकोण काढू नका. मधला पाइप १०० एनबीचा (एनबी म्हणजे पाइपचं नाममात्र आतलं माप) घेतला तर त्याचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी असतो. म्हणून पायरी मध्यबिंदूपासून नाही, सुमारे ५७ मिमीपासून सुरू होते. मध्यबिंदू शून्यावर ठेवा. ५७ आणि ९०० त्रिज्येचे दोन चाप आणि २४ अंशांच्या दोन रेषा काढा. पुढची कड साधारण २५ मिमी बाहेर घ्या, म्हणजे वरची पायरी खालचीवर थोडी झाकली जाईल. हा बंद आकार एक्स्ट्रूड करा, म्हणजे त्याला जाडी द्या.

आता त्याच पायरीला आतल्या टोकाशी पाइपचा एक तुकडा जोडा. तो मधल्या पाइपवर सैल बसेल एवढ्या व्यासाचा घ्या आणि पायरीच्या जाडीसकट त्याची उंची बरोबर १८७.५ ठेवा. फॅब्रिकेटर पायरी अशीच बनवतो, मग एकावर एक ओवतो, फिरवून जुळवतो आणि वेल्डिंग मारतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला ओतीव लोखंडाचे जिने अजून दिसतात. त्यांच्याकडे जवळून पाहा: पायरी आणि तिची मधली बांगडी एकाच ओतकामात असते, आणि कठड्याचा गज दोन पायऱ्यांना एकत्र बांधतो. मॉडेलही तसंच ओवलेलं असलं की साइटवर प्रश्न कमी येतात.

या सगळ्याचा ब्लॉक किंवा कंपोनंट करून ठेवा. पुढे एक पायरी सुधारली की सगळ्या सुधारतात.

५. पोलर ॲरे दिला तर सगळ्या पायऱ्या जमिनीवरच गोल पसरतात. वर कशा चढवू?

पोलर ॲरे (मध्याभोवती प्रती काढणारी कमांड) फक्त फिरवतो, दर पायरीला उचलत नाही. उपाय दोन आहेत.

पहिला, हेलिक्सवर पाथ ॲरे, म्हणजे रेषेवर ओळीने प्रती. ऑटोकॅडमध्ये ९०० त्रिज्येचा, एक फेऱ्याचा, २८१२.५ उंचीचा हेलिक्स काढा (१५ गुणिले १८७.५). पायरी त्याच्या सुरुवातीला ठेवा आणि ॲरेपाथमध्ये समान भाग करून १६ नग द्या. सोळावा नग लँडिंगच्या कडेवर येतो, तो पुसून टाका. झेड दिशेचा पर्याय असा ठेवा की पायऱ्या आडव्या राहतील, नाहीतर त्या उतारासोबत कलतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो स्केचअपसकट कुठेही चालतो: दुप्पट करत जायचं. एका पायरीची कॉपी १८७.५ वर आणि २४ अंश फिरवून, झाल्या दोन. त्या दोघींची कॉपी ३७५ वर आणि ४८ अंश, झाल्या चार. मग ७५० आणि ९६ अंश, आठ. मग १५०० आणि १९२ अंश, सोळा. शेवटची पुसा. चार वेळा कॉपी केली की जिना उभा.

६. डोकं लागणार नाही हे मॉडेलमध्ये कसं तपासायचं?

हा प्रश्न जेवढ्या लोकांनी विचारायला हवा तेवढे विचारत नाहीत. संहितेत जिन्याखाली आणि लँडिंगखाली किमान २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. आपल्या जिन्यात १५ पायऱ्यांतच फेरा पूर्ण होतो, त्यामुळे पायरीच्या वर पायरी येत नाही. खरा धोका लँडिंगचा.

लँडिंग ३६० अंशांपासून, म्हणजे बरोबर पहिल्या पायरीच्या वर सुरू होतं. ते ६० अंशांचं असेल तर तिसऱ्या पायरीपर्यंत झाकतं. तिसरीचा माथा ५६२.५ वर आहे, १०० मिमी जाड लँडिंगचा तळ २९०० वर. मोकळी उंची २३३७ मिमी, ठीक. तेच लँडिंग ९० अंशांचं केलं तर चौथी पायरीही खाली येते, तिचा माथा ७५०, आणि उरतात २१५० मिमी. नियमाला ५० कमी.

आता कोणी पायरी रुंद करण्यासाठी कोन ३० अंश घेतो. पायऱ्या छान होतात, पण १५ पायऱ्यांत ४५० अंश फिरून होतात आणि ६० अंशांचं लँडिंग चौथ्या-पाचव्या पायरीवर येतं. पाचवीचा माथा ९३७.५. उरतात १९६२ मिमी. उंच माणूस कपाळ फोडून घेईल.

मॉडेलमध्ये तपासायची सोपी रीत अशी: चालण्याच्या रेषेवर प्रत्येक पायरीवर २२०० मिमी उंचीची एक बारीक उभी दांडी ठेवा. ती पायरीच्या कंपोनंटमध्येच घातली तर आपोआप सगळीकडे येते. कुठली दांडी कशात घुसते ते वळसा घालून पाहा आणि तपासणी झाली की तो लेयर बंद करा.

७. जिना डावीकडून चढवायचा की उजवीकडून? आणि मिरर केला तर चालेल का?

वरून पाहता घड्याळाच्या दिशेने चढणारा जिना असेल तर मधला पाइप चढणाऱ्याच्या उजवीकडे येतो. उतरताना बाहेरचा कठडा उजव्या हाताला मिळतो. उलट दिशेने चढणाऱ्या जिन्यात चढताना तो उजव्या हाताला येतो. पडण्याची भीती उतरताना जास्त, म्हणून घरात वयस्क माणसं असतील तर मी पहिला प्रकार सुचवतो. पण दरवाजा कुठे आणि शेवटचं पाऊल कुठे पडायला हवं, हे बऱ्याचदा दिशेचा निर्णय आधीच करून टाकतं.

ऑटोकॅडचा हेलिक्स न सांगता घड्याळाच्या उलट चढतो, म्हणजे नेहमीच्या उजव्या आट्याच्या स्क्रूसारखा. ट्विस्ट पर्यायात तो बदलता येतो. मिरर केल्यावर आटा उलटतो, रोटेट केल्यावर कधीच नाही. जिना उलटा टांगला किंवा खालून पाहिला तरीही आटा तोच राहतो. म्हणून फाइल पाठवल्यावर प्लॅन मिरर करू नका. करावाच लागला तर पायरीच्या पुढच्या कडा आणि कठड्याची भोकं पुन्हा तपासा, आणि ड्रॉइंगवर चढण्याचा बाण ठळक काढा.

८. कठड्याचा वळलेला पाइप कसा काढू?

पायऱ्यांसाठी काढलेला हेलिक्सच कॉपी करून हव्या उंचीवर न्या. एक छोटं वर्तुळ काढा आणि स्वीप (आकार मार्गावरून ओढणारी कमांड) करून हेलिक्स निवडा. ऑटोकॅड वर्तुळ स्वतःहून मार्गाला काटकोनात वळवतं. फ्रीकॅडच्या पार्ट स्वीपमध्ये फ्रेने हा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर आकार वाटेत पिळतो. स्केचअपच्या फॉलो मीमध्ये वर्तुळ मार्गाच्या पहिल्या तुकड्याला काटकोनात हवं.

उभे गज पायरीच्या कंपोनंटमध्ये घातले तर प्रश्न ५ मधल्या कॉपीबरोबर तेही येतात. मात्र गज पायरीच्या पुढच्या कडेपासून जेवढा मागे असेल, तेवढा पाइप त्याच्या डोक्यापाशी वर गेलेला असतो. गज पायरीच्या मधोमध असेल तर तो फरक अर्ध्या टप्प्याचा, ९३.७५ मिमी. तेवढी उंची गजाला वाढवा.

९. बाजूची सपाट पट्टी स्वीप केली की तिरपी होते. उभी कशी ठेवू?

स्वीप आकाराला मार्गाशी काटकोनात धरतो, आणि मार्ग तर चढतो आहे. पाइपला हे चालतं, पट्टीला नाही. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेसाठी एकाच त्रिज्येचे दोन हेलिक्स काढा, एक दुसऱ्याच्या सरळ खाली. त्यांच्यामध्ये लॉफ्ट किंवा रूलसर्फ (दोन रेषांमध्ये पृष्ठभाग ताणणाऱ्या कमांड) करून पृष्ठभाग घ्या. लॉफ्टच्या पृष्ठभागाला थिकन करून जाडी देता येते. रूलसर्फने जाळी मिळते, ती दाखवण्यापुरती ठीक. ऱ्हायनोमध्ये एका मार्गाच्या स्वीपला रोडलाइक असा पर्याय आहे, तो आकार उभाच ठेवतो. सॉलिडवर्क्समध्येही आकाराची दिशा स्वतः ठरवून देता येते.

१०. मॉडेलमध्ये कठड्याची त्रिज्या ९०० आहे. पाइप वाकवायला तीच सांगायची ना?

नाही. आणि हे मी एका चुकीतून शिकलो.

सुरुवातीच्या काळात एका बंगल्याचा जिना काढला होता. प्लॅनमध्ये दिसणारी त्रिज्या मी वाकवणाऱ्याला सांगितली. पाइप रोल होऊन आला, जमिनीवर ठेवला तर अगदी सुबक गोल. जिन्यावर चढवून उताराप्रमाणे ओढायला लागलो तर तो गजांच्या आत आत जायला लागला. दोन्ही टोकं बसवली तर मधल्या गजापासून बोटभर आत. वेल्डरने पाना लावून ओढून पाहिला, मग पाइप सोडला आणि माझ्याकडे बघितलं. त्या पाइपचे तुकडे करून तो दुसरीकडे वापरावा लागला.

कारण असं. चढणारी रेषा प्लॅनमध्ये दिसते त्यापेक्षा कमी वाकलेली असते. वाकवण्याची खरी त्रिज्या काढायची रीत: एका फेऱ्याची चढण भागिले ६.२८३२, या आकड्याचा वर्ग घ्या, त्यात त्रिज्येचा वर्ग मिळवा आणि बेरजेला त्रिज्येने भागा. आपल्या जिन्यात २८१२.५ भागिले ६.२८३२ म्हणजे ४४७.६. बेरीज आणि भागाकार केल्यावर ९०० च्या जागी ११२३ मिमी येतात. सव्वादोनशे मिमीचा फरक! शिवाय पाइपला वळताना थोडा पीळही लागतो, तो अनुभवी कारागीर हळूहळू देतो.

लांबीही अशीच. प्लॅनमधला घेर ५६५५ मिमी, पण चढणीसकट पाइप ६३१६ मिमी लागतो. बाजारात पाइप सहा मीटरचा मिळतो, म्हणजे एक जोड येणारच. तो कुठल्या गजावर घ्यायचा हे ड्रॉइंगमध्येच ठरवा.

११. ऑटोकॅडमध्ये वर्तुळ अष्टकोनासारखं दिसतं. ड्रॉइंग बिघडलं का?

बिघडलं नाही. वर्तुळ आत अचूकच आहे, पडद्यावर घाईने काढलेलं आहे. रीजेन द्या. तेवढ्याने भागलं नाही तर व्ह्यूरेसचा आकडा वाढवा. घन आकार खडबडीत दिसत असतील तर फॅसेटरेस मूळच्या ०.५ वरून वाढवा, तो १० पर्यंत जातो. आयसोलाइन्स फक्त पृष्ठभागावरच्या रेषांची संख्या ठरवतात, गुळगुळीतपणा नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे: थ्रीडी प्रिंटसाठी एसटीएल फाइल काढली की वक्र पृष्ठभागाचे कायमचे सपाट त्रिकोण होतात, आणि ते किती बारीक हे फॅसेटरेस ठरवतो. तो वाढवून मगच फाइल काढा.

१२. स्केचअपमध्येही तसंच का? आणि फॉलो मी केल्यावर छोटे भाग गायब का होतात?

स्केचअपमध्ये वर्तुळ खरोखरच बहुभुज आहे, न सांगता २४ बाजूंचा. त्याचे कोपरे वर्तुळावर असतात आणि बाजूंचे मध्य आत. ९०० त्रिज्येला २४ बाजू दिल्या तर मध्यापाशी ७.७ मिमी कमी भरतात, ९० बाजू दिल्या तर अर्धा मिमी. आपल्या १५ पायऱ्यांसाठी ६० किंवा ९० बाजू घ्या, म्हणजे प्रत्येक पायरीच्या वाट्याला पूर्ण बाजू येतात. २४ बाजू घेतल्या तर पायरीची कड बाजूच्या मधेच तुटते आणि कठडा पायरीशी जुळत नाही.

गायब होणारे भाग हा वेगळा प्रश्न आहे. मिलिमीटरभराचे पृष्ठभाग स्केचअपला बनवता येत नाहीत. कंपोनंटची एक प्रत १००० पट मोठी करा, फॉलो मी तिच्यात करा आणि मग ती प्रत पुसा. मूळ आकाराच्या कंपोनंटमध्ये काम जसंच्या तसं झालेलं असतं.

१३. काँक्रीटच्या गोल जिन्याचा खालचा वळलेला पृष्ठभाग कसा काढतात?

तो दिसायला अवघड, काढायला सोपा, कारण तो सरळ रेषांचा बनलेला आहे. आतला आणि बाहेरचा असे दोन हेलिक्स काढा, दोघांची चढण सारखी, त्रिज्या वेगळ्या. त्यांच्यामध्ये रूलसर्फ किंवा लॉफ्ट केला की तळ मिळतो. सेंट्रिंगवाले (काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा उभारणारे) हेच करतात: मध्याकडे रोखलेल्या सरळ फळ्या, दर फळी आधीचीपेक्षा थोडी वर. मॉडेलमधून प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांच्या उंचीचा तक्ता काढून द्या. साइटवर सुंदर थ्रीडी चित्रापेक्षा त्या तक्त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

दोन्ही टोकांची उंची सारखी असली तरी उतार सारखा नसतो. आतल्या कडेचा उतार फार उभा असतो, बाहेरचा निवांत. त्यामुळे तळाची जाडी आतून आणि बाहेरून तपासा. सळईचं डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच काम.

१४. वळलेला पृष्ठभाग उलगडून पत्र्यावर आखता येतो का?

काही येतात, काही येत नाहीत. नळा आणि शंकू बिनचूक उलगडतात. प्रश्न ९ मधली उभी पट्टी नळ्याचाच भाग आहे, म्हणून ती उलगडल्यावर दोन्ही कडा सरळ रेषा होतात. खात्री करायची असेल तर कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पाइपभोवती गुंडाळा. तिरकी कड आपोआप मळसूत्र होते.

घुमट आणि प्रश्न १३ मधला जिन्याचा तळ हे उलगडत नाहीत, सॉफ्टवेअर कितीही महाग असलं तरी. ते पत्र्यात करायचे तर पत्रा ताणावा लागतो किंवा छोट्या तुकड्यांत जोडावा लागतो. सॉफ्टवेअरने तरीही सपाट आकार काढून दिला तर तो अंदाज समजा आणि पहिला तुकडा पुठ्ठ्यात कापून पाहा.

१५. जिना सोडून साध्या वक्र वस्तूंचा सराव कशावर करू?

स्वयंपाकघरातल्या तांब्यावर. अर्धा छेद काढा, रिव्हॉल्व्ह करा (अक्षाभोवती फिरवा), शेल करून पोकळ करा. छेदाची रेषा अक्षाला ओलांडता कामा नये, एवढा एकच नियम.

पुढे मंदिरासमोरची दीपमाळ घ्या. खांब रिव्हॉल्व्हने, आणि दिव्यांचे दगडी हात पोलर ॲरेने एकेका थरात. खांब वर निमुळता होत जातो, म्हणून प्रत्येक थराची त्रिज्या वेगळी घ्यावी लागते. मग मोदक: तळाशी वर्तुळ, मध्ये पाकळ्यांचा आकार, टोकाला बारीक वर्तुळ आणि लॉफ्ट. तिन्ही छेदांवर बिंदू सारख्या संख्येने आणि एकाच दिशेने सुरू झाले नाहीत तर मोदक पिळतो, आणि लॉफ्ट का बिघडतो ते त्यात डोळ्यांनी दिसतं.

हे जमलं की मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातले दगडी चक्री जिने बाहेरून बघून या. कमानी जिन्यासोबत वर चढत जातात. ते काढायला खऱ्या अर्थाने हात लागतो.

१६. वळण चापांनी काढू की स्प्लाइनने?

जे कारखान्यात बनणार आहे ते शक्य तिथे चापांनी. चापाला त्रिज्या असते, ती वाकवणाऱ्याला सांगता येते. स्प्लाइनची, म्हणजे काही बिंदूंवरून आखलेल्या मोकळ्या वक्राची, त्रिज्या प्रत्येक बिंदूला बदलते. दोन चाप जोडताना स्पर्शरेषा एकच ठेवा. तरीही चकाकणाऱ्या पृष्ठभागावर जोड डोळ्याला खुपतो, कारण तिथे वक्रता एकदम उडी मारते. गाडीच्या पत्र्यावर हीच अडचण असते. रेनॉ आणि सित्रोएन या मोटारकंपन्यांत अनुक्रमे बेझिये आणि द कास्तेल्जो यांनी अशा वक्रांवर काम केलं ते तिथूनच. म्हणून पॉलिश केलेला पृष्ठभाग असेल तर स्प्लाइन घ्या, पण नियंत्रणबिंदू कमीत कमी ठेवा. बिंदू वाढवले की रेषा लाटांसारखी हलायला लागते.

१७. स्वीप किंवा फिलेट सारखा फेल होतो. नेमकं कुठे बघू?

तीन ठिकाणी. मार्ग जिथे सगळ्यात जास्त वळतो तिथली त्रिज्या छेदाच्या आतल्या रुंदीपेक्षा कमी असेल तर आकार स्वतःतच घुसतो. आटे काढताना छेदाची उंची बरोबर एका फेऱ्याच्या चढणीएवढी असेल तर शेजारचे आटे एकमेकांना चिकटतात, छेद किंचित लहान करा. आणि फिलेटची त्रिज्या शेजारच्या पृष्ठभागात मावत नसेल तर ती आधी निम्मी करून पाहा. मावली की हळूहळू वाढवा.

१८. समोरच्या दृश्यात हेलिक्स लाटेसारखा का दिसतो? परीक्षेत तो हाताने कसा काढू?

कारण तो खरोखर साइन लाटच आहे. फिरणारा बिंदू बाजूने पाहिला तर पुढे-मागे जाताना दिसतो आणि त्याच वेळी वर चढतो. हाताने काढताना वर्तुळाचे १२ भाग करा, एका फेऱ्याच्या चढणीचेही १२ भाग करा, वर्तुळावरचा बिंदू वर न्या, त्याच क्रमांकाच्या आडव्या रेषेला भेटवा आणि बिंदू हाताने जोडा. सरळ रेषांनी जोडू नका. कडांपाशी रेषा टोकदार नाही, गोलाकार वळते. मागचा अर्धा भाग तुटक रेषेत.

१९. एका सॉफ्टवेअरमधला हेलिक्स दुसऱ्यात नेला तर मापं किंचित बदलतात. असं का?

कॅडमधले बहुतेक वक्र नर्ब्स पद्धतीने (नियंत्रणबिंदू आणि सूत्रांनी वक्र मांडण्याची पद्धत) साठवले जातात. वर्तुळ त्यात बिनचूक बसतं, हेलिक्स बसत नाही, तो फक्त खूप जवळ जाऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरने वेगळी बारकाई वापरली की शेवटच्या दशांशात फरक पडतो. जिन्याला त्याने काहीही होत नाही. पण दोन घन आकार हेलिक्सच्या कडेवर नेमके टेकवून जोडायचे असतील तर जोडणी फसते. तिथे एक आकार मिलिमीटरभर दुसऱ्यात घुसवून मग युनियन करा.

२०. ड्रॉइंग झाल्यावर साइटवर फरशी जाड निघाली आणि उंची ३०४० झाली. सगळं पुन्हा काढू का?

मॉडेल आकड्यांवर बांधलं असेल तर नाही. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट, फ्यूजनमध्ये पॅरामीटर, सॉलिडवर्क्समध्ये समीकरणं. प्रश्न ३ मधले आकडे तिथे लिहा आणि स्केचची मापं त्यांनाच जोडा.

इथे मात्र आकडा बदलून थांबू नका. ३०४० ला १६ ने भागलं की बरोबर १९० येतात, अगदी मर्यादेवर. फॅब्रिकेशनमध्ये एखादी पायरी दोन मिमी वर बसली की नियम मोडला. १७ टप्पे घेतले तर टप्पा १७८.८ चा, चढायला सुखाचा. मग पायऱ्या १६, कोन २२.५ अंश, आणि ६०० मिमीच्या रेषेवर रुंदी २३६ मिमीवर उतरते. ती २५० हवी असेल तर व्यास सुमारे १९१० मिमी करावा लागेल, आणि तेवढी जागा आहे का ते टेप घेऊन साइटवरच बघावं लागेल. लँडिंगखालची उंचीही प्रश्न ६ प्रमाणे पुन्हा तपासा. आणि कठड्याचा पाइप रोलिंगला गेला नसेल तर आजच फोन करून थांबवा, कारण प्रश्न १० मधले दोन्ही आकडे आता बदलले आहेत.